शुभाचे मिंक आणि मावशींचा काढा

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. शुभाच्या आईचा फोन. एरवी मावशी आधी "जेवली का?" विचारतात, मग बाकीचं. त्या दिवशी एकदम म्हणाल्या, "शुभा गेली गं." मी म्हटलं, "बरं, येते मी," आणि फोन खिशात ठेवून उरलेला बर्फ नीट काढला. मागच्या काचेवरचासुद्धा. असं का केलं, देव जाणे... आता महिना उलटून गेला. लोक विचारतात, कशाने गेली? मी म्हणते, किडनी. मग विचारतात, किडनी कशाने? मी म्हणते, तिच्याच शरीराने. त्यावर सगळे माझ्याकडेच पेशंट असल्यासारखं बघतात.

शुभा मूळची नागपूरची, जनावरांची डॉक्टर. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करायची. २००२ च्या गणपतीला आमची ओळख झाली, कारण तिच्या गाडीत बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. गाडीला असा काही उग्र वास यायचा की मोदकांचा डबा मी मांडीवर घट्ट झाकून धरला होता. "मिंकचा वास आहे, दहा मिनिटांत नाकाला सवय होते," ती म्हणाली. खोटारडी! पाच वर्षांत झाली नाही. मिंक म्हणजे मुंगसासारखा लांबुडका, चपळ प्राणी. त्याच्या कातड्याचे श्रीमंत बायकांचे कोट होतात, म्हणून इथे तो शेडमध्ये पाळतात. एकदा हट्टाने तिच्याबरोबर गेले. लांबच लांब शेड, पिंजऱ्यांच्या रांगा. ही जाडजूड चामड्याचे हातमोजे घालून एकेकाला धरायची, पायाच्या नखाचं टोक कापून रक्ताचा थेंब घ्यायची आणि अस्सल नागपुरीत समजूत काढायची, "काहून चावून राहिला बापा? थेंबभर रक्तच तर मांगून राहिली न!" शेडच्या म्हाताऱ्या मालकाला तो सगळा प्रयोगाचाच भाग वाटायचा.

परतताना मी विचारलं, यांना झालंय तरी काय. ती म्हणाली, "एक विषाणू शिरतो आणि मुक्कामच ठोकतो. शरीर त्याच्याशी लढायला अँटिबॉडीज बनवतं. ढिगाने बनवतं. पण त्यांनी तो मरत नाही. उलट त्या त्याला चिकटतात आणि ती सगळी गिचमिड किडनीत जाऊन बसते. विषाणू परवडला, पण ही लढाई नको, असं होतं. लस देऊन बघितली तर आणखीच बिघडले. आणि काही मिंक असे असतात की ते फारसं लढतच नाहीत. विषाणू घेऊन मजेत जगतात."

"मग लढायचं की नाही लढायचं?" मी वैतागले.

"तेच तर कळत नाही ना यार. त्याचाच पगार घेते मी."

मागच्या वर्षी तिचे सांधे सुजायला लागले. मग गालांवर लाल चट्टे, मग लघवीतून प्रथिनं जायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच किडनीवर उठली आहे. मी सरळ विचारलं, "मिंकचं लागलं का गं तुला?" ती म्हणाली, "डॉक्टर नाही म्हणतात. मीही नाहीच म्हणते." मग हसली. "पण जुळलंय भलतंच." मला इतका संताप आला की मी चहा न घेता निघून आले.

मग नागपूरहून मावशी आल्या. लेकीला प्रतिकारशक्ती कमी करण्याची औषधं चालू आहेत हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "कमी करायची? डॉक्टरला याड लागलं का?" बॅगेतून वाळवलेली गुळवेल निघाली आणि रोज सकाळी काढा उकळायला लागला. प्रतिकारशक्ती वाढून ताकद यावी म्हणून. हे उलटं आहे हे सगळ्या जगात ज्या बाईला सर्वांत चांगलं ठाऊक, ती मुकाट्याने कप घ्यायची, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि रिकामा कप परत द्यायची. खिडकीत तिचा कढीपत्ता होता. मिशिगनच्या थंडीत पोटच्या पोरासारखा वाढवलेला. मी मनात म्हटलं, हुशार आहे बया, कुंडीत ओतते. विचारलं मात्र कधी नाही.

शेवटच्या वेळी हॉस्पिटलमध्ये कुणीतरी विचारलं, घरगुती, झाडपाल्याचं काही देत होता का? मी त्याचं मराठी करून सांगितलं आणि मावशींचा चेहरा पडला. काढ्याने काही झालं असेल का, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. आजार आधीच फार पुढे गेला होता, एवढंच म्हणाले. दहाव्यानंतर मावशींनी मला गाठलं. "खरं सांग. ती पीत होती का? मीच मारलं का गं माझ्या लेकीला?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "रोज कढीपत्त्यात ओतायची. मी बघितलंय." बघितलं बिघितलं काही नव्हतं. मावशी कितीतरी वेळ रडल्या, मग पदराने नाक पुसत म्हणाल्या, "लहानपणी दूध अशीच ओतायची कार्टी." त्या रात्री बऱ्याच दिवसांनी चार घास जेवल्या.

नागपूरला परत जाताना कढीपत्ता मला देऊन गेल्या. गेल्या रविवारी मी त्याची कुंडी बदलली. सगळी माती वर्तमानपत्रावर ओतली. वाटलं होतं, काळपट थर असेल, कडू वास येईल, गाळणीतून सुटलेला चोथा तरी असेल. काही नव्हतं. साधी, भुसभुशीत माती... मी ती बोटांनी चाचपत राहिले, नाकाशी नेली. पाण्याबरोबर वाहून गेलं असेल का? की सिंकमध्ये ओतायची? की सगळं कळत असून, आईने केलंय म्हणून, रोज खिडकीशी उभी राहून ती तो कप घटाघटा संपवायची? माहीत नाही. ती असती तर म्हणाली असती, यार, तेच तर कळत नाही.

काल मावशींचा फोन आला. आधी जेवली का, मग कढीपत्ता कसा आहे. मी म्हटलं, नवी पालवी फुटलीये.

"म्हणजे माझा काढा त्याला मानवला म्हणायचा," मावशी म्हणाल्या.

"हो मावशी," मी म्हटलं, "मानवला."