दादाच्या चित्राहुती

मी गणिताचा मास्तर. असल्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर थापाड्या म्हणत आलोय. तेव्हा हे वाचून तुम्ही मला तसं म्हणालात तर राग नाही…

संस्थानं विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. थोरला भाऊ – दादा – देवासला कचेरीत कारकून, मी खातेगावच्या शाळेत. दादाचे सांधे धरायचे. इंदूरच्या डॉक्टरने नवीन निघालेल्या गोळ्या दिल्या. दुखणं पळालं, पण तोंड सुजलं, अंगातला जोर गेला. मग जेवलं की पोटात आग… आणि एक दिवस रक्ताची उलटी. मी रजा टाकून आलो.

जेवल्यावरच दुखतं, म्हणजे जेवणातच काहीतरी आहे – हे माझं गणित! रांधणारी एकटी वहिनी. दूधवाल्यानेही तेल ओतलं, "भिया, घर में ही देखो."

जेवणाआधी ताटाबाहेर चित्राहुती घालायचं दादाने आजारातही सोडलं नव्हतं. मी कधीच घालत नसे. त्याच्या तूपभाताच्या त्या शितांवर मी पाळत ठेवली. घरात मुंग्या उदंड, पण तीन दिवस एकही तिकडे फिरकली नाही! मी वहिनीला कारण तोंडावर सांगून धारला माहेरी धाडलं. ती एवढंच म्हणाली, "भावजी, भात मऊ करा हं त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रांधलं. एकच पातेलं, एकच तूप. पडताळा म्हणून मीही चित्राहुती घातल्या. जेवण झाल्यावर बघतो तर माझ्या शितांना मुंग्यांची रांग लागलेली, आणि ती रांग दादाच्या शितांना लांबून वळसा घालून आलेली! म्हणजे खोट रांधण्यात नव्हतीच. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच धारला तार केली.

वहिनी पोचायच्या आत दादा गेला. शेवटपर्यंत विचारत होता, "नाना, ती कुठंय रे?"

बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरने सांगितलं, तसल्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती खचली की एखादा विषाणूही जठरात व्रण पाडतो. विषबिष काही नाही. पटलं. पण मुंग्यांचं विचारल्यावर तो नुसता हसला. पोटातल्या रोगाचा ताटाबाहेरच्या भाताशी काय संबंध? मला आजही ठाऊक नाही.

दादा गेल्यावर महिन्याभराने वहिनीने मला जेवायला वाढलं. आमच्यात बायका पुरुषांच्या आधी कधी जेवत नसत. मी घास उचलला तशी ती खाली बघत म्हणाली, "जेवा भावजी… मी आधी खाऊन बघितलंय."