तीन महिने दगदग नाही

आमच्या वडनेरच्या घरात किस्से कापसासारखे साचतात. आधी कोपऱ्यात ढीग, मग खाटेखाली, मग माणसाला बसायला जागा उरत नाही. माझ्या लग्नाला चार महिने होताहेत आणि त्यातल्या तीन महिन्यांचे किस्से एकाच दुखण्याचे आहेत. घरात मी फारशी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.

लग्नाच्या सोळाव्या दिवशी ह्यांनी कोरोना लसीचा दुसरा डोस घेतला. तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं. सासूबाईंनी आधी ओवा दिला, मग हिंग, मग लसूण तळलेल्या तेलाने पाठ चोळली. शेवटी हे म्हणाले, "आई, फोडणीचं सामान सरलं असन तं आता दवाखान्यात ने."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी ईसीजी, रक्त, इको सगळं पाहिलं. हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. "लसीनंतर असं क्वचित होतं. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. पण तीन महिने दगदग करायची नाही."

सासूबाईंनी हा एक शब्द पदराला गाठ मारून घरी आणला.

*

बादली म्हणजे दगदग. गाडी दगदग. जिना दगदग. क्रिकेटची मॅच तर फारच. शेजारचे काका जोक सांगायला लागले तर त्यांनाही उठवलं, "हासनं बंद हाये त्याचं."

दवाखान्यातून आलो त्याच दिवशी ह्यांची खाट समोरच्या खोलीत गेली आणि माझी गादी सासूबाईंच्या खोलीत. दगदगीच्या यादीत माझं नाव कोणी घेतलं नाही. गादी तेवढी हलली.

*

मग आम्ही एकाच घरात राहून व्हॉट्सॲपवर संसार करू लागलो. मधे एक भिंत. हे लिहायचे, "काय करून राह्यली?" मी लिहायची, "भेंडी." ते लिहायचे, "मंग?" मी लिहायची, "अजून भेंडीच."

एक दिवस सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तुमचे दोघायचे फोन एकामागं एक काऊन वाजते?"

"कंपनीचे मेसेज असतात, आई," मी म्हणाले.

"कंपनी लय जीव लावते बा तुमाले."

*

भेटायला येणाऱ्यांची रीघ. एक लांबच्या मावशी चहा पिता पिता बोलून गेल्या, "नव्या नवरीचा पायगुण पाह्यला पाह्यजे होता."

मी कपबशी घेऊन तिथेच उभी. सासूबाईंनी मान वर केली नाही. "आमच्या घरी पायगुण नाई मानत. अन् सुई त्याच्या दंडात टोचली होती, मावशी. हिच्या पायात नाई."

मावशींनी दुसरा कप मागितला नाही.

*

माझ्या दुसऱ्या डोसची तारीख आली तेव्हा शाळेतल्या लसकेंद्रापाशी माणसं नुसती उभी होती. सगळ्यांच्या तोंडी ह्यांचंच नाव. सासूबाई मला हाताला धरून सरळ पुढे घेऊन गेल्या.

"तुम्हाला भीती नाही वाटत, आई?"

"वाटते ना. पण तुह्या सासऱ्याले कोरोनानं नेलं तवा मले काचेतूनबी पाहू नाई देल्लं. हा तं समोर खाटेवर दिसते."

मागे चार-पाच जण रांगेत आले.

सासूबाई रोज सकाळी ह्यांच्या छातीवर तळहात ठेवायच्या, हे डोळे उघडेपर्यंत. मी दारातून पाहायची. खरं सांगू? मला त्या तळहाताचा हेवा वाटायचा.

*

तीन महिन्यांनी आम्ही तिघं परत वर्ध्याला गेलो. इको पाहून डॉक्टर म्हणाले, "सूज पूर्ण गेली."

सासूबाईंनी यादी काढली. "बादली?"

"उचलू द्या."

"जिना? गाडी?"

"चालेल."

"म्याच?"

"बघू द्या की. खेळायला हळूहळू सुरुवात करा. अजून काही?"

सासूबाईंनी वजनकाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाई," म्हणाल्या.

मी स्वतःच्या चपलांकडे पाहत बाहेर आले. फाटकापाशी सासूबाई थांबल्या. "माहा चष्मा आत राह्यला," म्हणत एकट्याच परत गेल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे.

पाच मिनिटांनी त्या आल्या. एसटीत हिंगणघाट येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसल्या.

हिंगणघाटच्या स्टँडवर वडनेरच्या गाडीची वाट पाहत होतो. समुद्रपूरची गाडी लागली, तशा सासूबाई तिच्यात चढल्या.

"आई, ते समुद्रपूरची हाये," हे ओरडले.

"मालूम हाये. बहिणीच्या घरी कुरड्या कराच्या हायेत. गुरुवारी येतो."

हातात पिशवी नव्हती. बहिणीला फोन केलेला नव्हता. गाडी हलली, तशी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि ह्यांना नाही, मला सांगितलं,

"येण्याच्या आदी फोन करतो."