गेटवर बांधलेली कुत्री

अन्याय झाला माझ्या मावशीच्या कुत्रीवर. दोन हजार सहा साली, मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर. दोर बांधणारा मी.

मावशीचं गाव त्या जंगलात होतं. उद्यान झालं, गाव उठलं, माणसं हातकणंगल्याकडच्या वसाहतीत आली. जंगलात उरली फक्त देवी. वर्षातून एकदा गेटवर नावं लिहून देऊन ही माणसं आत जायची, नैवेद्य दाखवायची. मावशीच्या घरची रीत अशी, की नैवेद्यातला पहिला घास राखणीच्या कुत्र्याला, तोही देवीच्या पायरीवरच. म्हणून कुत्री सोबत. म्हातारी, एका डोळ्यानं अधू. गाव उठलं तेव्हा ट्रकमागं पळत आलेली.

मी तेव्हा कॉलेजात. कोल्हापुरातनं पत्रकं छापून आणून गेटवर वाटत उभा होतो. ‘जंगलात कुत्री नेऊ नका. त्यांचे रोग वन्यप्राण्यांना होतात.’ मजकूर माझाच. आजही त्यातला शब्द बदलणार नाही.

“आरं, ही हितंच जलमली,” मावशी म्हणाली. “तुझ्या कागदाच्या आधीपासनं हितली हाय ती.”

“नियम सगळ्यास्नी सारखा, मावशी.”

“सारखा व्हय? बघ की.”

“मी बसतो हिच्याजवळ. पाणी पाजतो. तू जा.”

करंजाच्या सावलीत लोखंडी खांब होता. त्याला कुत्री बांधली. मावशी मागं वळून बघत बघत गेली.

थोड्या वेळानं एक जीप आली. मागच्या सीटवर दांडगं विलायती कुत्रं. रखवालदारानं आडवा बांबू वर केला. मी ओरडलो, तर म्हणाला, “पावणं, गप बसा. सायबांचं हाय. गाडीतनं खाली उतरत न्हाय ते.”

माझं डोकं सणकलं. झोळी खांद्याला मारून जीपमागं चालत सुटलो, पार आतल्या विश्रामगृहापर्यंत. तिथं ते कुत्रं गवतात मोकळं फिरत होतं. मी तासभर भांडलो. पत्रकातली वाक्यं पाठच होती, सगळी म्हणून दाखवली. साहेब खुर्चीतनं हसले. “एवढं तोंड चालतंय तर निवडणुकीला हुबा ऱ्हा की!”

परत आलो तेव्हा सावली खांबावरनं सरकून रस्त्यापलीकडं गेली होती. दोर खांबाभोवती गुंडाळत गुंडाळत वीतभर उरलेला. कुत्रीची जीभ मातीत. अंग तापलेलं, पण हलत नव्हतं. पाण्याची बाटली माझ्या झोळीत होती. भरलेली.

मावशी आली. हातात पानात बांधलेला घास. ती रडली नाही, मला शिवीही दिली नाही.

“दोर तरी सोड आता,” म्हणाली.

तर जंगलात निघालात की कुत्रं घरी ठेवा, साहेब असा नाहीतर कुणीही असा. आणि गेटवर एखादं बांधलेलं दिसलं, तर माझ्यासारखं तावातावानं पुढं जाऊ नका. गाडीतनं उतरा. त्याला सावलीत न्या, पाणी पाजा. मग भांडा.