मोडलेली ठेव

बाळांनो, आज बँकेत शिपाई ठेवींच्या दराच्या फलकावरचा आकडा बदलत होता. व्याज थोडं वाढलं होतं, आणि मी मात्र तुमच्या बाबाची ठेव मोडायला रांगेत उभी होते. परत आल्यावर इथे घर बांधायचं, म्हणून त्याने परदेशातून ती ठेवली होती. आता ते पैसे त्याने तिकडेच मागवून घेतलेत.

“आजी, तिकडे जास्त व्याज मिळतं का?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“कमीच मिळतं. पण तिथली महागाई उतरलीय. इथलं व्याज तूरडाळच खाऊन टाकते.”

“आणि वर रुपयाही घसरतो,” त्या हसून म्हणाल्या आणि शिक्का मारला.

महागाई वजा करून जिथे काही उरतं, तिथे पैसा समुद्र ओलांडून जातो. त्यात पैशाचा दोष नाही. तुमच्या बाबाचा हिशेबही चोख आहे. त्या हिशेबात घर कुठे बसतं, एवढं मात्र मला फोनवर विचारता आलं नाही.

दर वर्षी ठेवीची मुदत वाढवली की मी तिच्या पावतीच्या पाकिटावर पेन्सिलीने पुढची तारीख लिहिते. आज घरी येऊन सवयीने पेन्सिलीला टोक काढलं, आणि रिकामं पाकीट समोर ठेवून तशीच बसून राहिले.