पाडव्याला साल संपतं, नोकरी नाही

माझा नवरा जन्मभर सालदार होता. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचा. सालदाराचं साल पाडव्याला संपतं. त्या दिवशी राहायचं की जायचं ते मालकाला तोंडाने सांगायचं आणि उठायचं. नोकरी सोडायची मला एवढीच रीत माहीत होती.

म्हणून पाडव्याच्या सकाळी मी अमरावतीच्या मुलींच्या होस्टेलात मॅडमना सांगितलं, "उद्या मी अकोल्याले चालली. पोरीचं बाळंतपण हाय." तिथे मी स्वयंपाक करत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोरीचं माहेर म्हणजे स्वयंपाकघरामागची माझी खोली. तिथे पाळणा टांगायला जागा नव्हती, म्हणून मीच तिच्या सासरी अकोल्याला जाणार होते.

मॅडमनी माझ्या सहीचा करारनामा काढला. "मावशी, सोडायचं तर महिनाभर आधी लेखी कळवायचं. नाहीतर महिन्याचा पगार कापला जाईल."

"अन् तुमाले मले काढाचं असतं तं?"

"तरी महिनाच."

हे मला पटलं. माझ्या नवऱ्याला एका मालकाने काढलं तेव्हा हातातला चहा संपेपर्यंतचीही मुदत दिली नव्हती. पण पोरगी पंधरवड्यात बाळंत होणार होती. पोटातल्या लेकराला करारनामा कोण वाचून दाखवणार.

मी विचारलं, सालदार अडला तर घरचं माणूस बदली देतो, तसं चालेल का. मॅडम म्हणाल्या, "करारात बदली नाही. पण तुमच्या जागी लगेच कोणी आलं, तर आपल्या दोघींच्या सहीने मुदत माफ करता येईल."

एवढी मोठी पातेली उतरवणारी माझ्या ओळखीत एकच. चांदूर बाजारची धाकटी जाऊ. लग्नांतले स्वयंपाक करते. भर पंगतीत तिने माझ्या वरणाला पाणी म्हटलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

मी फोन केला.

"कावून, कोन मेलं?"

"कोनी नाई. पोरीचं बाळंतपण हाय. माह्या जागी ये."

"तुमचं पानी आता म्या वाढाचं?"

"वाढ."

"येतो. पन वरण माह्या हातचं होईन."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने आली. मॅडमनी कागद केला, त्यांनी आणि मी सह्या केल्या, मी अकोल्याची गाडी धरली. त्याच आठवड्यात नात झाली.

पुढे होस्टेलच्या मुलींचा फोन आला, बाळ कसं आहे म्हणून. मी विचारलं, जेवण कसं आहे. एक हळूच म्हणाली,

"वरण घट्ट असतं, मावशी."

मी फोन ठेवला आणि नातीचा लंगोट बदलायला घेतला.