एरंडेलाची मोटार

मास्तरांच्या खिशात कायम एक लाकडी कांडी असायची, गिरणीत सूत गुंडाळतात तसली, रिकामी. कुठलंही यंत्र दिसलं की तिचं एक टोक यंत्राला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. माझ्या तेलाच्या घाण्याला त्यांनी एकदा अशीच कांडी लावली आणि म्हणाले, "अण्णा, तुमचा बैल डाव्या पायानं लंगडायलालाय."

"बैल समोर उभा आहे, मास्तर. डोळे उघडून बघा की! चांगला चालतोय," मी म्हटलं.

"डोळ्याला उद्या दिसंल."

दुसऱ्या दिवशी बैल खरंच लंगडला. मला मास्तरांचा असा राग आला म्हणून सांगू! माझा बैल, मी वैरण घालणार, आणि त्याचा पाय दुखतोय हे या गिरणीतल्या फिटरनं मला सांगायचं?

माझं तेलाचं दुकान नवी पेठेच्या तोंडाशी. पुढे दुकान, मागे घाणा. मास्तर विणकरांच्या घरचे. घरात तेलुगू, माझ्याशी आपली सोलापुरी मराठी. लिहिता यायचं ते तेलुगूत, म्हणून मराठी कागदपत्र आलं की माझ्याकडे यायचे. आले तरी बसायचे नाहीत. मी बैठक झटकून द्यावी, त्यांनी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहावं, एक पाय हलवत. "बसा की मास्तर" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसलं की गंज चढतंय, अण्णा." वीस वर्षं त्यांनी एकाच गिरणीत तीच ती यंत्रं दुरुस्त केली होती. तो गंज त्यांना रोज दिसत असणार, आता कळतं.

अशा माणसानं मोटार घेतली. साधी मोटार नव्हे, शर्यतीची! कर्नाटकाकडच्या एका संस्थानाच्या युवराजांनी ती विलायतेहून आणली होती. दोन माणसांची, वर टप नाही, लांबच लांब नाक, नाकावर कातडी पट्टा आवळलेला, रंग लालभडक. युवराजांनी दोन वर्षं पळवली. मग एका बड्या बापाच्या मुलानं घेतली आणि पहिल्याच महिन्यात लिंबाच्या झाडावर घातली. तिथून ती एका जिनिंगच्या आवारात येऊन पडली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. मास्तरांनी राहत्या घरातली आपली वाटणी भावाला लिहून दिली, त्या पैशांत मोटार घेतली आणि ते धूड बैल लावून ओढत आणलं. कोंबडीसकट. कोंबडी उतरायला तयार नव्हती.

"मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का?" मी विचारलं.

"इंजिन जित्तं हाय, अण्णा. मी ऐकलंय."

पुढचं दीड वर्ष गिरणीतून सुटले की मास्तर तिच्या खाली. क्लचला गिरणीच्या पट्ट्याचं कातडं बसवलं. तुटलेल्या दांड्या लोहाराकडे बसून स्वतः घडवल्या. टायरला इतकी ठिगळं होती की मूळ टायर कुठला ते शोधावं लागे. आणि एक दिवस ती सुरू झाली. आवाज काय म्हणता! माझ्या दुकानातले डबे फळीवर नाचायला लागले आणि बैल घाणा सोडून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

माझा संबंध आला तो तेलामुळे. असल्या इंजिनाला साधं तेल चालत नाही, एरंडेल लागतं. चांगलं गाळलेलं, दाट एरंडेल. ते माझ्याइतकं शुद्ध सोलापुरात कुणाकडे मिळत नव्हतं, हे मी अभिमानानं सांगतो. निदान तेव्हा सांगत होतो. मोटार पेठेतून गेली की मागे जळलेल्या एरंडेलाचा वास दरवळायचा. मोठ्या माणसांना तो गोड वाटे. पण आठवड्याला एरंडेल पाजून ज्यांची पोटं साफ केली जात ती पोरं नाक दाबून घरात पळायची. एक म्हातारी तर म्हणाली, "बरंय की, नुसत्या वासानं काम हुतंय."

मला त्यांनी एकदा फिरवून आणलं. अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो आणि माझी टोपी गेली. ती कुठे गेली हे बघायला मान वळवली तोवर गावही गेलं. मी देवाचं नाव घेत होतो, मास्तर हसत होते. तोंडभर हसताना मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं. पुढे रस्ताभर मेंढरं. मास्तरांनी करकचून मोटार थांबवली, भोंगा वाजवला. मेंढरं ढिम्म. धनगर काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत राहिला.

"हाकला की वो बाजूला!" मास्तर ओरडले.

"मेंढरं हायती, पाव्हणं. भोंग्यानं पळत्यात व्हय? एवढं कुटं निगालायसा?"

मास्तरांनी भोंग्यावरचा हात काढला. म्हणाले, "कुटंच न्हाय."

"मग थांबा की."

त्या धनगरावर मी मनापासून खूश झालो. पण परत येताना मास्तरांनी मोटार बैलगाडीच्या चालीनं आणली. पेठेत मला उतरवलं आणि म्हणाले, "अण्णा, त्यो बरोबर बोलला. कुटं जायाचं त्येच न्हाय आपल्याला. युवराजांना एक पत्र लिवा."

मी लिहिलं. 'आपली मोटार जिवंत आहे, इथल्या गिरणीतल्या एका फिटरनं ती उभी केली आहे,' असं सरळ लिहिलं. उत्तर येईल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. आलं! युवराजांच्या चिटणिसाचं, टाइप केलेलं. युवराज पुढच्या महिन्यात सकाळच्या मेलगाडीनं मुंबईला जाणार, तिथून शर्यतींसाठी विलायतेला. मोहोळच्या अलीकडे तीनेक मैल सडक रुळाच्या शेजारून जाते. तेवढे मैल मोटार मेलच्या बरोबरीनं पळाली आणि युवराजांनी खिडकीतून पाहिली, तर मास्तरांना यंत्राचा माणूस म्हणून विलायतेला सोबत नेणार.

मी ते पत्र चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्या वेळी मास्तरांनी माझे दोन्ही हात धरले. "तीन मैल, अण्णा. फकस्त तीन मैल."

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला नको वाटतं, पण सांगतो.

मेलच्या आदल्या दिवशी सकाळी मी दुकानाची फळी काढतोय तोवर मास्तर हजर. "अण्णा, एक डबा एरंडेल. भरून." ते दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक होते. आमच्या धंद्यात पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ती रिकाम्या हातानं परत पाठवायची नाही. वडिलांनी दुकान हातात देताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या, मापात पाप नको आणि भवानीला 'नाही' नको. आणि माझ्याकडे त्या दिवशी एरंडेल होतं अर्ध्याहून थोडं जास्त. एरंडी आठवडाभर आलीच नव्हती.

'अर्धाच डबा आहे, मास्तर' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं तोंडातून निघालं नाही. मी मागे गेलो आणि डबा करडईच्या तेलानं भरून काढला. तेल ते तेल, एका दिवसात काय होतंय, असं मनाशी म्हटलं. जन्माचा तेली मी!

मास्तरांनी बोट बुडवलं, चिमटीत चोळलं. "आज पातळ वाटायलालंय की."

"उकाडा किती आहे! उकाड्यानं पातळ झालंय."

"व्हय, ते बी हायच," म्हणाले आणि डबा उचलून पळत गेले.

दिवसभर त्यांनी त्या तीन मैलांवर मोटार पळवली. ऊन असं की सडक तापून पाय ठेववेना. संध्याकाळी मोटार तिथेच रुळाशेजारी बाभळीखाली लावली आणि राखायला स्वतः तिथेच झोपले.

सकाळी मी पहिल्या सर्व्हिस मोटारीनं तिथे पोचलो, मजा बघायला. मास्तर हँडल मारत होते. हँडल हलत नव्हतं. अगदी तसूभरही नाही. मी लावलं, हललं नाही. दोघांनी मिळून लावलं, नाही. मास्तरांच्या तळहाताची सालं निघाली होती. प्लग काढले, पेट्रोल आत ओतलं, पुन्हा हँडल. तोंडानं काय पुटपुटत होते ते तेलुगू होतं, मला कळलं नाही.

मेल आली. पहिल्या वर्गाच्या दारात पांढऱ्या कपड्यांतले युवराज उभे होते, दांडी धरून बाहेर वाकलेले. त्यांनी लाल मोटार पाहिली आणि हात वर केला. मास्तरांनी हँडल सोडलं, सरळ उभे राहिले आणि सलाम केला. रक्ताळलेल्या हातानं. गाडी गेली, धूळ खाली बसली, तरी हात कपाळावरच होता. मी जाऊन तो खाली घेतला.

चार दिवसांनी मुंबईहून चिटणिसाचं कार्ड आलं. युवराज अजून दहा दिवस मुंबईत आहेत. काय झालं ते कळवावं. दोष यंत्राचा की कारागिराचा? यंत्राचा असेल तर अजून बघता येईल.

मास्तरांनी तोवर इंजिन खोललं होतं. त्यातला एक दट्ट्या, पिस्टन म्हणतात तो, फडक्यात गुंडाळून ते दुकानात आले. दट्ट्यावर पिवळा, चिवट थर चढला होता, त्याच्या भोवतीची कडी घट्ट चिकटलेली. दुकानात पाचसहा माणसं होती. मास्तरांनी हळू आवाजात विचारलं, "अण्णा, तेल न्हेमीचंच हुतं की?"

पाचसहा माणसं माझ्याकडे बघत होती. वडिलांचा फोटो वर होता.

"देवाशप्पथ, नेहमीचंच," मी म्हटलं.

त्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला. एक क्षणसुद्धा घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं. दट्ट्याकडे बघत म्हणाले, "मग माज्याच हातात खोट. बसवताना कायतरी चुकलं. लिवा, अण्णा."

आणि मी लिहिलं. गिऱ्हाईकं गेल्यावर, सावकाश, चांगल्या अक्षरात. 'दोष कारागिराचा. माफी असावी.' त्यांनी खाली तेलुगूत सही केली. जाताना दट्ट्या माझ्या फळीवरच विसरले.

संध्याकाळी बायकोनं तो पाहिला, नखानं खरवडला. "अहो, हे रोगण आहे. मोटेच्या कातड्याला चोळायला करडई तापवून आपण करतो, तेच. हे इथं कसं आलं?" मी दट्ट्या तिच्या हातातून काढून घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिला कळलं. "तुम्ही माणूस आहात का कोण?" एवढंच म्हणाली. दोन दिवस मला तिनं वाढलं, पण बोलली नाही.

माझी अन्नावरची वासनाच गेली. दुकानात बसवेना, घाण्याशी उभं राहवेना. नुसता आत-बाहेर करत राहिलो. मास्तरांसमोर जायचं धाडस होईना. तिसऱ्या दिवशी, त्यांना न सांगता, मी युवराजांना दुसरं पत्र टाकलं. सगळं लिहिलं. करडई, भवानी, शपथ, सगळं. हात मास्तरांचे नव्हते, पाप माझं होतं, असं लिहिलं. उत्तर आलं की तेच घेऊन मास्तरांच्या पायावर पडू, असा माझा हिशोब. तोंडानं सांगण्यापेक्षा कागदानं सांगणं मला सोपं वाटलं. भित्रा माणूस, दुसरं काय!

युवराजांची तार आली. 'माणसाला ताबडतोब पाठवा.'

दुकान तसंच उघडं टाकून मी धावत गेलो. अंगणात लाल मोटार विटांवर उभी होती, चाकं काढलेली. मास्तरांचा भाऊ मागावर बसला होता. त्याला तार वाचून दाखवली. त्यानं धोटा थांबवला.

"काल गेला की अण्णा. गिरणीचं काम सोडलं, हत्यारं विकली. म्हणला, ज्या हातावर आपलाच भरोसा न्हाय, त्या हातात हत्यार कशाला? मुंबईला म्हणला, का हैद्राबादला, मी नीट इचारलं बी न्हाय. आता तुमी कुणाला पाठवता?"

मी स्टेशनवर गेलो. तिकीटबाबूला विचारलं, हमालांना विचारलं. मुंबईला दोनदा जाऊन आलो. गिरण्या सुटताना फाटकापाशी उभा राहिलो. एवढी माणसं बाहेर पडतात, त्यात एक कुठे सापडणार? हैदराबादेतही विणकरांच्या गल्ल्या पायाखाली घातल्या. कुणी म्हणे असा एक माणूस हमाली करतो, कुणी म्हणे पाणी भरतो. यंत्राजवळ काम करणारा असा कुणी नाही, एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं.

तुम्ही वाटेत माझ्या दुकानात टेकलेली, फिरणारी माणसं आहात, दहा गावं बघता. पन्नाशीचा, उंच, हातावर जुने वण असलेला सोलापूरकडचा माणूस कुठे भेटला, तर माझा पत्ता देऊ नका, माझं नावही घेऊ नका. त्याला एवढंच सांगा, की त्याच्या हातात काही खोट नव्हती.