दोन याद्या जोडण्याची सिद्धता

आमच्या संस्थेची ग्वाल्हेरात दोन इंजिनिअरिंग कॉलेजं होती आणि दोन्हींत मुलं कमी होत चालली होती. शेवटी ती एकत्र करायचं ठरलं. नोटिशीत त्याला पुनर्रचना म्हटलं होतं. मी त्यातल्या लहान कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. शेजारच्या टेबलावर ताई बसायच्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, राहायला बिर्लानगरात. पूर्वज शिंदेशाहीच्या फौजेबरोबर आलेले, हे त्या कधीमधी हसत सांगायच्या. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, आणि तीही निम्मी हिंदीच.

दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांच्या याद्या जोडून क्रमवार एकच यादी करणारा प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसने आधी हाताने जोडून बघितलं होतं, त्यात काही नावं गळाली होती. ताई म्हणाल्या, "असा लिहू की नाव गळूच शकणार नाही. टेस्ट करून नाही, सिद्ध करून."

त्या तेव्हा स्वतःच एक नवी भाषा शिकत होत्या. तिच्यात प्रोग्राम गणितातल्या फंक्शनसारखा लिहितात आणि त्याने काय पाळायचं ते त्याच्या टाइपमध्येच मांडतात. एरवी टाइप एवढंच सांगतो की ही नावांची यादी आहे. इथे यादी किती लांब आहे, क्रमाने आहे की नाही, हेही टाइपमध्ये येतं. प्रोग्राम ते पाळत नसेल तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर, तो घेतच नाही. घेतला, की तीच सिद्धता.

दुपारचे तास संपले की आम्ही रिकाम्या लॅबमध्ये बसायचो. मी पहिल्यांदा सिद्ध केलं ते हे, की जोडलेल्या यादीची लांबी दोन्हींच्या बेरजेइतकीच असते. कंपायलरने घेतलं. मी खूश. ताईंनी थोडा वेळ बघितलं.

"अगं, ही तर नुसती गिनती झाली. एकाच मुलाचं नाव सगळीकडे लिहिलं तरी लांबी बरोबरच येईल."

खरंच होतं. आपण जे मांडलं तेवढंच सिद्ध होतं, मनात होतं ते नाही. मग आम्ही नव्याने मांडलं: निघालेल्या यादीत दोन्ही याद्यांतली तीच नावं, तितक्याच वेळा, फक्त क्रम बदललेला. तिथून आमची गाडी अडली ती अडलीच. दुसऱ्या यादीतलं नाव आधी उचललं, की ते पहिल्या अख्ख्या यादीला ओलांडून पुढे येतं. त्यात काही हरवत नाही हे शेंबड्या पोरालाही दिसेल, पण कंपायलरला पटवायचं कसं? न सुटलेल्या जागी आम्ही प्रश्नचिन्ह टाकायचो. स्क्रीनवर ती जागा हिरवी व्हायची आणि हिरवीच राहायची.

या मधल्या काळात ऑफिसने याद्या पुन्हा हातानेच जोडल्या आणि वर पाठवून दिल्या. प्रोग्रामचं कोणी विचारलंही नाही. आम्ही तरीही बसत राहिलो.

मग ताईंना प्राचार्यांनी बोलावलं. दोन विभागांचा एक झाला होता आणि ताईंची पीएचडी नव्हती. माझी होती. त्या परत आल्या आणि ड्रॉवर रिकामा करायला लागल्या.

"आपण मिळून अर्ज देऊ," मी म्हटलं.

"कोणाला देणार? त्यांनी नियम वाचून दाखवला ना." ड्रॉवर बंद करत म्हणाल्या, "तू ते पूर्ण कर. मला कळव."

एकत्र झालेल्या नव्या कॉलेजात पुढच्या वर्षी ते सुटलं. आम्ही निघालेल्या यादीवर जोर लावत होतो, लावायचा होता तो फक्त पहिल्या यादीवर. तिच्यातलं एकेक नाव ओलांडत पायरी-पायरीने गेल्यावर चारच ओळी झाल्या. हिरवं गेलं. कंपायलर काहीच बोलला नाही. सगळं बरोबर असलं की तो गप्पच असतो. आजूबाजूला कोणाला सांगावं असं कोणी नव्हतं.

रविवारी थाटीपूरच्या माझ्या घरून लॅपटॉप घेऊन ताईंकडे गेले. त्या आता घरी सहावी-सातवीच्या ट्यूशन घ्यायच्या. चष्मा लावून त्यांनी वर-खाली करत बराच वेळ वाचलं.

"हा वरचा हिस्सा मीच लिहिला होता ना?"

"हो ताई. निम्म्याहून जास्त तुमचंच आहे."

"काहीच समझत नाही गं आता." त्यांच्या आवाजात रागही नव्हता. मी चार ओळी समजावून सांगायला लागले. त्या मान हलवत राहिल्या, पण मध्येच म्हणाल्या, "राहू दे. चहा गार होतोय." मग मुलं यायची वेळ झाली आणि मी उठले.

नव्या कॉलेजात हा विषय नाही. एकदा सुचवला, तर यात नोकरी कुठे मिळते असं विचारलं गेलं. फाइल अजून माझ्याकडे आहे. भाषेची नवी आवृत्ती आल्यापासून कंपायलर ती घेत नाही, मध्येच कुठेतरी अडतो. मी अजून बघितलेलं नाही कुठे ते.